वाल्टर श्यूकिंग : सरकारला नकोसा झालेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जर्मन प्राध्यापक

काठावरचा_वाचक

मंडळी,

कायदा शिकलेल्या बहुतेकांनी आंतरराष्ट्रीय कायदा एखाद्या सत्रापुरता वाचलेला असतो. ओपनहाइमचा ग्रंथ, केल्सनचा सिद्धान्त, हेगचं न्यायालय एवढ्यावर पेपर सुटतो. वाल्टर श्यूकिंग हे नाव त्यात येत नाही, आलंच तर तळटीपेत. मला हा माणूस फार मोठा वाटतो. त्यांच्या प्राध्यापकीबद्दल मराठीत वाचायला काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

जन्म ६ जानेवारी १८७५, म्युन्स्टर. घराणं लिहित्या माणसांचं. आजोबा लेविन श्यूकिंग कादंबरीकार होते, कवयित्री आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ यांचे जवळचे स्नेही. वाल्टर कायद्याकडे वळले आणि ग्यॉटिंगेनला लुडविग फॉन बार यांच्या हाताखाली तयार झाले. १८९७ सालचा त्यांचा प्रबंध किनाऱ्यालगतच्या समुद्रावर होता: तो कुणाच्या मालकीचा, तिथे कुणाचा कायदा चालतो. १८९९ मध्ये हाबिलिटेशन, १९०० मध्ये ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ), १९०२ मध्ये मारबुर्ग आणि पुढच्याच वर्षी तिथे पूर्ण प्राध्यापक. वय २८. इतक्या लहान वयात अध्यासन मिळालेल्या माणसाने मान खाली घालून पाठ्यपुस्तकं लिहिली असती, तर पुढे बर्लिन विद्यापीठ ठरलेलंच होतं.

माशी शिंकली ती पोलिश लोकांच्या प्रश्नावर. १९०८ मध्ये प्रशियाने पूर्वेकडच्या प्रांतांत पोलिश जमीनदारांच्या जमिनी सक्तीने घेऊन तिथे जर्मन शेतकरी बसवण्याचा कायदा केला. प्रशियाच्याच पगारावर असलेल्या या प्राध्यापकाने हे अन्यायाचं आहे असं उघड लिहिलं. सरकारने त्यांना नोकरीवरून काढलं नाही, कायद्याच्या राज्य परीक्षेच्या मंडळावरून काढलं. वरवर पाहता किरकोळ शिक्षा वाटते. पण जर्मनीत तेव्हा विद्यार्थी व्याख्यानाला बसायची फी भरत आणि ती प्राध्यापकाच्या हातात पडे. परीक्षक नसलेल्या माणसाच्या वर्गात कोण पैसे भरून बसणार? एका आदेशात वर्ग रोडावतो, मिळकत घटते आणि बाकीच्या प्राध्यापकांनाही समज मिळते.

याच सुमाराला त्यांनी जगाच्या संघटनेवर लिहायला घेतलं होतं. १९१२ मध्ये त्यांचा हेगच्या शांतता परिषदांवरचा ग्रंथ आला. त्यातलं म्हणणं त्या काळाच्या मानाने फारच धाडसाचं होतं: १८९९ आणि १९०७ च्या परिषदांत जमलेल्या राष्ट्रांनी नकळत एक राष्ट्रसंघ उभा केलेला आहे, आता त्याला कायमचं न्यायालय द्या आणि त्या न्यायालयापुढे जाणं सक्तीचं करा. राष्ट्रसंघ प्रत्यक्षात स्थापन व्हायला अजून आठ वर्षं होती.

पुढचा भाग (महायुद्ध, व्हर्साय, कील, हेग) प्रतिसादांत लिहितो. प्रश्न जरूर विचारा.

---

निळावंती

छान सुरुवात. हाबिलिटेशन म्हणजे नेमकं काय ते सांगाल का? आपल्याकडची पीएच.डी. आणि ते एकच का?

---

काठावरचा_वाचक

एक नाही, निळावंतीताई. डॉक्टरेटनंतर दुसरा, मोठा प्रबंध लिहायचा, प्राध्यापकांच्या मंडळापुढे व्याख्यान द्यायचं, मग विद्यापीठात शिकवायचा अधिकार मिळतो. अधिकार मिळाला म्हणजे पगार मिळाला असं नाही. अशा माणसाला प्रिवाटडोट्सेंट म्हणत. फीवर जे सुटेल त्यात भागवायचं आणि कुठून तरी बोलावणं येईल याची वाट पाहायची. कित्येकांचं आयुष्य त्यात गेलं. श्यूकिंगना वर्षभरातच ब्रेस्लाउचं बोलावणं आलं, यावरून त्यांची हुशारी किती लवकर मान्य झाली होती ते कळतं.

बोलावणं आलं तरी शेवटची सही शिक्षणमंत्र्याची. विद्यापीठ नावं सुचवणार, नेमणूक सरकार करणार. त्यामुळे सरकारशी वाकडं घेतलेल्या माणसाचं गाडं कुठेही अडू शकायचं.

---

जुना_जाणता

बाकीचे जर्मन प्राध्यापक तेव्हा काय म्हणत होते तेही सांगा, त्याशिवाय श्यूकिंग यांचं वेगळेपण कळणार नाही. १८९९ च्या हेग परिषदेला जर्मनीने कार्ल फॉन श्टेंगेल नावाचे म्युनिकचे प्राध्यापक पाठवले होते. शांततेच्या परिषदेला जायच्या आधी या गृहस्थांनी कायमच्या शांततेच्या कल्पनेविरुद्ध पुस्तिका काढली होती! आणि १९११ मध्ये एरिख काउफमान या तरुण विद्वानाने लिहिलं की समाजाचा खरा आदर्श म्हणजे विजयी युद्ध. करार परिस्थिती बदलली की पाळायचे नाहीत, असं त्या पुस्तकाचं सार. हा मुख्य प्रवाह होता. श्यूकिंग त्यात एकटे पडले होते, सोबत शांततावादी कायदेपंडित हान्स वेबर्ग यांच्यासारखे एखाददोन.

काउफमान यांचंही पुढे काय झालं पाहा. ते ज्यू कुळातले. राष्ट्राचं एवढं गुणगान करूनही नाझींनी त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं. शेवटी हॉलंडमध्ये आसरा घ्यावा लागला.

---

काठावरचा_वाचक

जुना_जाणता, अगदी नेमकं लिहिलंत.

आता महायुद्ध. १९१४ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये 'बुंड नॉयेस फाटरलांड' ही युद्धविरोधी संघटना निघाली. आइनस्टाइन तिच्यात होते, श्यूकिंगही आले. १९१५ च्या एप्रिलमध्ये हेगला निरनिराळ्या देशांतली शांततावादी मंडळी जमली, तिथे ते गेले. म्हणजे भरयुद्धात, जर्मन प्राध्यापक, शत्रुराष्ट्रांच्या विचारवंतांबरोबर एका टेबलावर. लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांच्या लिहिण्याबोलण्यावर बंदी घातली. मारबुर्गचं पद राहिलं, पण तोंड बंद.

युद्ध हरल्यावर मात्र त्याच सरकारी यंत्रणेला हा माणूस हवा झाला. युद्धकैद्यांना जर्मनीत वाईट वागवलं गेलं या आरोपांची चौकशी करायला जो आयोग नेमला त्याचे ते अध्यक्ष. युद्ध कसं सुरू झालं याची परराष्ट्र खात्याची कागदपत्रं छापायचं ठरलं, तेव्हा संपादनाला माक्स मोंटगेलास यांच्याबरोबर श्यूकिंग. आणि व्हर्सायला जे सहा मुख्य जर्मन प्रतिनिधी गेले त्यात एक श्यूकिंग. जर्मनीने स्वतःतर्फे राष्ट्रसंघाचा जो मसुदा पुढे केला, त्यात त्यांचा हात मोठा होता.

७ मे १९१९ ला त्रियानों पॅलेसमध्ये तहाचा मसुदा जर्मनांच्या हातात ठेवण्यात आला. समोरासमोर बसून वाटाघाटी नाहीत, काय म्हणायचं ते लेखी कळवा. आयुष्यभर वाद न्यायालयापुढे, दोन्ही बाजू ऐकून सुटावेत असं सांगणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! शिष्टमंडळ सही करू नये या मताचं होतं. २८ जूनला सही केली ती दुसऱ्याच दोघांनी, म्युलर आणि बेल यांनी. श्यूकिंग त्यात नव्हते. तरीही घरी परतल्यावर त्यांनी राष्ट्रसंघाकडे पाठ फिरवली नाही. १९२१ मध्ये वेबर्ग यांच्याबरोबर राष्ट्रसंघाच्या घटनेवर भाष्य लिहिलं. जर्मनी तेव्हा संघाचा सभासदसुद्धा नव्हता.

---

वकील_नागपूर

लेख आवडला, पण एक शंका मांडतो. १९२३ च्या 'विम्बल्डन' खटल्यात श्यूकिंग जर्मनीचे न्यायाधीश म्हणून बसले आणि त्यांनी जर्मनीच्या बाजूनेच मत दिलं. राष्ट्रांनी न्यायालयाचं ऐकावं म्हणणारा माणूस स्वतःच्या देशाचा खटला आला की देशाकडे झुकला, असं कुणी म्हटलं तर?

---

काठावरचा_वाचक

रास्त शंका आहे, सविस्तर उत्तर देतो.

'विम्बल्डन' हे इंग्लिश जहाज, एका फ्रेंच कंपनीने भाड्याने घेतलेलं. सालोनिकाहून डान्त्सिगला निघालं होतं, पोटात ४,२०० टन दारूगोळा आणि तोफा, माल पोलंडच्या नौदल तळासाठी. २१ मार्च १९२१ ला सकाळी ते कीलच्या कालव्याच्या तोंडाशी आलं. कालव्याच्या अधिकाऱ्याने आत सोडलं नाही. कारण सांगितलं की रशिया आणि पोलंडची लढाई चालू आहे, जर्मनी तटस्थ आहे, युद्धसामग्री जाऊ देता येणार नाही. व्हर्साय तहाच्या ३८०व्या कलमात मात्र लिहिलं होतं की जर्मनीशी शांतता असलेल्या सर्व राष्ट्रांच्या जहाजांना कालवा खुला राहील. जहाज अकरा दिवस अडकून पडलं, मग डेन्मार्कला वळसा घालून ६ एप्रिलला डान्त्सिगला पोचलं.

हेगच्या कायम न्यायालयापुढे (राष्ट्रसंघाच्या काळातलं, आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आधीचं) आलेला हा दोन पक्षांतला पहिला खटला. बेंचवर आपला न्यायाधीश नसलेल्या पक्षाला त्या खटल्यापुरता एक नेमता येतो, म्हणून श्यूकिंग आले. १७ ऑगस्ट १९२३ ला निकाल जर्मनीविरुद्ध गेला. १,४०,७४९ फ्रँक ३५ सेंटीम भरपाई, वर सहा टक्के व्याज. श्यूकिंग यांनी भिन्नमत लिहिलं.

आता मुद्दा असा की भिन्नमत लिहिणारे ते एकटे नव्हते. इटलीचे आन्झिलोत्ती आणि स्वित्झर्लंडचे माक्स ह्युबर यांनीही वेगळं, संयुक्त भिन्नमत दिलं. हे दोघे जर्मनीचे कुणी लागत नव्हते आणि त्या पिढीतले सर्वांत दर्जेदार कायदेपंडित होते. श्यूकिंग यांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट मिळाली म्हणजे जमीनमालकाचं मूळ हित बुडेल अशी ती वापरायची नसते, आणि तटस्थ राहणं हे राष्ट्राचं तसं मूळ हित आहे. हे पटो न पटो, युक्तिवाद कायद्याचा आहे. पक्षपात म्हणावा असं मला त्यात काही दिसत नाही.

---

वकील_नागपूर

आन्झिलोत्ती आणि ह्युबर यांचा मुद्दा मान्य. तरी एका खटल्यापुरते राष्ट्राने नेमलेले न्यायाधीश या पद्धतीबद्दल माझं मत बदललेलं नाही. मत कायद्याचं असलं तरी लोकांना ते देशाचं दिसतं.

---

उत्तरसमुद्र

कीलमध्ये राहते, म्हणून या धाग्यावर थांबले. इथल्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याची जी संस्था आहे तिचं नाव आज वाल्टर श्यूकिंग संस्था आहे. १९१४ मध्ये टेओडोर नीमायर यांनी ती काढली. श्यूकिंग १९२६ मध्ये नीमायर यांच्या जागी संचालक होऊन आले. मधली पाच वर्षं ते बर्लिनच्या वाणिज्य महाविद्यालयात होते, म्हणजे बर्लिनला पोचले पण बर्लिन विद्यापीठात नाही. शिवाय १९२८ पर्यंत ते संसदेतही होते, जर्मन डेमोक्रॅटिक पक्षातर्फे.

तो कालवा रोज डोळ्यांसमोर असतो. होल्टेनाउच्या झडपांपाशी उभं राहिलं की मालवाहू जहाजं एकामागून एक आत घेतली जाताना दिसतात. ब्रुन्सब्युटेलपासून इथवर जवळपास ९८ किलोमीटर. तो नसता तर अख्ख्या डेन्मार्कला वळसा. 'विम्बल्डन'ला अडवणं म्हणजे काय, हे इथे राहिल्यावर नीट कळतं.

१९३३ मध्ये या गावात काय झालं तेही लिहायला हवं. ७ एप्रिल १९३३ चा कायदा आला, नाव 'नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा' आणि काम प्राध्यापकांना हाकलण्याचं. ज्यू म्हणून गेरहार्ट हुसर्ल (तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांचा मुलगा) गेले, हेर्मान कांटोरोविच गेले. श्यूकिंग ज्यू नव्हते. त्यांना राजकीय मतांमुळे काढलं. रिकाम्या जागांवर कार्ल लारेन्झ, गेओर्ग डाम, एर्न्स्ट रुडोल्फ हुबर अशी तरुण, नव्या राजवटीशी निष्ठावंत माणसं आणली. कीलच्या कायदा विभागाला तेव्हा 'श्टोसट्रुप' म्हणजे हल्ला चढवणाऱ्या तुकडीचा विभाग म्हणत, आणि ते अभिमानाने म्हणत.

१ एप्रिल १९३९ ला, संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून जो समारंभ झाला, त्यात नाझी राजवटीची पाठराखण करणारे कायदेपंडित कार्ल श्मिट यांनी व्याख्यान दिलं. विषय: बलाढ्य राष्ट्राचं आपल्या टापूवर वर्चस्व आणि बाहेरच्यांना तिथे बंदी. श्यूकिंग यांनी जिथे राष्ट्रसंघ शिकवला त्याच संस्थेत. त्यांचं नाव संस्थेला मिळालं ते नव्वदच्या दशकात.

---

निळावंती

बापरे. श्मिट यांचं ते व्याख्यान कीललाच झालं हे माहीत नव्हतं. उत्तरसमुद्र, धन्यवाद.

मग १९३३ नंतर श्यूकिंग कुठे गेले?

---

काठावरचा_वाचक

कुठेच जावं लागलं नाही, कारण ते हेगलाच होते. त्यांच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

१९३० च्या निवडणुकीत ते कायम न्यायालयावर निवडून आले, १९३१ पासून काम सुरू. त्या न्यायालयाच्या सगळ्या इतिहासात कायम न्यायाधीश झालेले ते एकमेव जर्मन. १९३१ च्या सप्टेंबरात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या जकात-संघाचं प्रकरण आलं. ८ विरुद्ध ७ ने जर्मनी हरला, श्यूकिंग सातांत होते. (वकीलसाहेब, त्या सातांत अमेरिकेचे केलॉग, इंग्लंडचे हर्स्ट, जपानचे आदाची आणि चीनचे वांगही होते.)

हिटलर आल्यावर घरचं पद गेलं आणि बर्लिनहून दबाव आला की न्यायालयाचाही राजीनामा द्या. त्यांनी नकार दिला. हे शक्य झालं ते न्यायालयाच्या घटनेतल्या एका कलमामुळे: एकदा निवडून आलेल्या न्यायाधीशाला त्याचं सरकार परत बोलावू शकत नाही, बाकीच्या सर्व न्यायाधीशांनी एकमताने ठरवलं तरच तो जातो. त्याच ऑक्टोबरात जर्मनी राष्ट्रसंघातून बाहेर पडला, पण न्यायाधीश श्यूकिंग खुर्चीवर राहिले. सरकारच्या इच्छेवर चालणारं न्यायालय नको, असं जे ते वीस वर्षं वर्गात शिकवत होते, त्याच तरतुदीने त्यांना वाचवलं.

२५ ऑगस्ट १९३५ ला हेगमध्येच त्यांचं निधन झालं. वय ६०.

---

प्रश्नार्थक

एलएल.बी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर, तुम्ही वर म्हणालात 'तळटीपेत'. ती तळटीप 'ऑस्कर चिन' खटल्याची का? आमच्या पुस्तकात 'जस कोजेन्स'च्या (राष्ट्रांना करार करूनही मोडता न येणारे मूलभूत नियम) धड्यात एका ओळीत त्यांचं नाव आहे.

---

काठावरचा_वाचक

हो, तीच! आणि ती ओळ फार महत्त्वाची आहे.

ऑस्कर चिन हा काँगो नदीवर वाहतुकीचा धंदा करणारा इंग्रज. बेल्जियम सरकारने स्वतःच्या पाठिंब्याच्या कंपनीला दर कमी करायला लावून तोटा भरून द्यायचं ठरवलं, चिनचा धंदा बसला. प्रश्न होता की काँगो नदीवर सर्वांना सारखी संधी हा १८८५ च्या बर्लिन कराराचा नियम, १९१९ मध्ये मोजक्या राष्ट्रांनी आपसांत दुसरा करार करून बदलला, तो बदल चालतो का? डिसेंबर १९३४ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ५ ने बेल्जियमच्या बाजूने निकाल दिला आणि १९१९ चा करार धरून चालले.

श्यूकिंग म्हणाले, नाही. ज्या करारावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि ज्याने एका प्रदेशाला सगळ्यांसाठी एक कायदा दिला, तो त्यातल्या काहींना परस्पर मोडता येत नाही. असा दुसरा करार आपोआप निरर्थक ठरतो आणि कुणी तक्रार केली नसली तरी न्यायालयाने तो लागू करता कामा नये. सार्वजनिक नीतीला धरून नसलेला करारही कोणतंही न्यायालय लागू करणार नाही, हे त्यांनी उदाहरण म्हणून लिहिलं.

राष्ट्रं सार्वभौम आहेत म्हणून ती हवा तो करार करू शकतात, या समजुतीला आंतरराष्ट्रीय न्यायालयातून दिलेला हा पहिल्याच धक्क्यांपैकी एक. राष्ट्रांमधल्या करारांच्या नियमांवर १९६९ मध्ये व्हिएन्ना करार झाला, त्यात ५३वं कलम आलं, त्यात हेच सूत्र पक्कं झालं: वंशसंहार, गुलामगिरी अशा गोष्टींसाठी राष्ट्रांनी आपसांत करार केला तर तो जन्मतःच रद्द. साल लक्षात घ्या, १९३४. स्वतःच्या देशाने हाकललेला माणूस हे लिहीत होता.

---

कोकणगंध

सुरुवातीला समुद्राच्या प्रबंधाचा उल्लेख आला तो मनात राहिला. रत्नागिरीकडचा आहे, त्यामुळे १२ सागरी मैलांचा हिशेब आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आतला भाग राज्याच्या मासेमारी कायद्याखाली, बाहेरचा केंद्राकडे. श्यूकिंग यांच्या वेळी काय होतं?

---

काठावरचा_वाचक

तेव्हा एकमत नव्हतं. मोठी दर्यावर्दी राष्ट्रं तीन मैलांवर अडून बसलेली, तोफेचा गोळा पोचतो तिथवर समुद्र आपला, या जुन्या हिशेबाने. स्कँडिनेव्हियातले देश चार मैल म्हणत, काही देश सहा.

आणि गंमत नाही, पण योग पाहा: १८९७ च्या प्रबंधाचा तोच विषय २९ वर्षांनी त्यांच्याकडे परत आला. राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय कायदा लिखित स्वरूपात आणायला तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात प्रादेशिक समुद्रावरचा अहवाल आणि मसुदा १९२६ मध्ये श्यूकिंग यांनी तयार केला. १९३० च्या हेग परिषदेत रुंदी ठरवण्यावरून सगळं फिसकटलं. १२ मैलांवर जग एकत्र आलं ते थेट १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात. तुमच्या मच्छीमारांच्या हद्दीमागे हा एवढा जुना झगडा आहे.

---

सह्याद्रीपुत्र

हेग आणि १९१०-११ म्हटलं की मराठी माणसाला सावरकर आठवणारच. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीवरून मार्सेलिसला उडी, फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. मग फ्रान्स-इंग्लंड हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. श्यूकिंग यांनी ज्या हेगच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला ती हीच ना?

---

काठावरचा_वाचक

हीच, सह्याद्रीपुत्र. आणि ती व्यवस्था त्यांना अपुरी का वाटत होती हे या खटल्यावरून छान कळतं. 'कायम लवाद न्यायालय' असं नाव, पण कायम असं त्यात कार्यालय आणि लवादांची यादी. प्रत्येक वादासाठी पंच नव्याने निवडायचे आणि तेही दोन्ही देशांनी मान्य केलं तरच. फ्रान्स आणि इंग्लंड यांनी २५ ऑक्टोबर १९१० ला तसा करार केला म्हणून पंच बसले. बेर्नार्त, रनो, फ्राय, ग्राम आणि लोमान असे पाच. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल: पकडून देण्यात चूक झाली असेल, पण त्यामुळे कैदी परत द्यायला इंग्लंड बांधील नाही. ज्याचं आयुष्य पणाला लागलं होतं त्या सावरकरांना त्या दालनात बाजू मांडायला जागाच नव्हती. दोन साम्राज्यांनी आपसांत ठरवलं.

माझं मत असं की सावरकरांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही म्हणणं असो, कायद्याच्या विद्यार्थ्याने हा निकाल आणि श्यूकिंग यांचा १९१२ चा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावा. संमतीवर टांगलेली न्यायव्यवस्था काय देते ते पहिल्यात दिसतं, तिच्या जागी काय हवं ते दुसऱ्यात.

---

वकील_नागपूर

मग कुलभूषण जाधव खटल्याची तुलना व्हायला हवी. २०१७ मध्ये भारत एकटाच हेगला गेला, पाकिस्तानची त्या वेळची संमती लागली नाही. दोन्ही देशांनी वकिलातीच्या व्हिएन्ना कराराच्या ऐच्छिक जोडकरारावर आधीच सह्या केल्या होत्या, म्हणून सक्तीचं अधिकारक्षेत्र. हरीश साळवे उभे राहिले. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल. सावरकर खटल्यात जे नव्हतं ते इथे होतं, निदान त्या विषयापुरतं. श्यूकिंग यांचं म्हणणं एवढं तरी खरं झालं असं म्हणता येईल.

---

जुना_जाणता

वकीलसाहेब, नाण्याची दुसरी बाजूही लिहितो. १९९९ मध्ये कच्छजवळ पाकिस्तानचं नौदलाचं विमान पाडल्यावर पाकिस्तान हेगला गेला. तेव्हा आपण म्हटलं की राष्ट्रकुलातल्या देशांचे वाद आम्ही न्यायालयाच्या अधिकाराबाहेर ठेवले आहेत. जून २००० मध्ये न्यायालयाने ते मान्य करून खटला बाहेर काढला. म्हणजे सक्ती आपल्याला हवी तेव्हा हवी, नको तेव्हा नको. सगळी राष्ट्रं हेच करतात, १९०७ मध्ये जर्मनीने सक्तीच्या लवादाला विरोध केला तोही याच वृत्तीने. श्यूकिंग ज्या गोष्टीशी झगडत होते ती संपलेली नाही.

---

वकील_नागपूर

खरं आहे. नाकारणार नाही.

---

प्रश्नार्थक

सगळ्यांचे आभार, वर्गात कुणी इतकं सांगितलं नव्हतं. एक शेवटचं विचारते. श्यूकिंग यांना प्रत्यक्ष वाचायचं असेल आणि जर्मन येत नसेल तर सुरुवात कुठून करू?

---

काठावरचा_वाचक

दोन गोष्टींपासून कर. 'विम्बल्डन'मधलं भिन्नमत आणि 'ऑस्कर चिन'मधलं वेगळं मत. दोन्ही इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहेत, हेगच्या आजच्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर जुन्या न्यायालयाचे सगळे निकाल फुकट मिळतात. आधी 'ऑस्कर चिन' घे, ते फार लांब नाही आणि शैली सरळ आहे. त्यांच्याच बाजूने हॉलंडच्या व्हान ऐसिंगा यांनी लिहिलेलं भिन्नमतही त्याच संचात आहे, ते बरंच मोठं आहे पण काँगो कराराचा इतिहास त्यात नीट लावलेला आहे. मग १९६९ च्या व्हिएन्ना कराराची ३०, ४१ आणि ५३ ही कलमं काढून शेजारी ठेव. ३० आणि ४१ मध्ये काही राष्ट्रांनी आपसांत केलेल्या नव्या कराराचं काय होतं ते आहे. तिथे श्यूकिंग यांचं म्हणणं पूर्णपणे स्वीकारलेलं नाही, ५३ मध्ये बरंचसं स्वीकारलं आहे. फरक कुठे आहे ते स्वतः शोध आणि सापडलं की इथे लिही.